वरच्या मजल्याचं तिसरं कडवं

स्ट्रूअन पेट्रीला जिना धड धुता येत नसे, आणि याच माणसानं लिहिलेल्या गाण्यांवर ऊना गॅलब्रेथनं आपलं उभं तरुणपण काढलं होतं. या दोन गोष्टींचा मेळ तिला आजवर घालता आला नव्हता.

इमारतीचा जिना धुण्याच्या पाळीचं पुठ्ठ्याचं कार्ड त्याच्या दाराच्या मुठीला लटकलं, की आठवडाभर तो ते दिसलंच नाही असं दाखवायचा. मग रविवारी दुपारी तळमजल्यावरच्या मिसेस टॉरन्स खालून मोठ्यानं खाकरल्या, की बादली घेऊन उतरायचा आणि खालच्या पायरीपासून सुरुवात करायचा. खालून वर. म्हणजे वरचं घाण पाणी धुतलेल्या पायऱ्यांवरून पुन्हा खाली. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला पाणी कुठल्या दिशेनं वाहतं हे सांगायचं तरी कुणी? तो गेला की ऊना दार लोटून घ्यायची आणि गुपचूप सगळा जिना पुन्हा पुसायची.

ती मधल्या मजल्यावर राहायची, तो बरोबर तिच्या डोक्यावर. ती ग्लासगोच्या पार्टिक भागातल्या एका चष्म्याच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेमा चढवून "ही बरी की ती बरी" विचारायचं, आणि लोकांनी काही म्हणून ठरवायचं नाही. संध्याकाळी घरी येऊन जिवाला विसावा म्हणून 'मिटन्स'ची रेकॉर्ड लावावी, तर तिथंही तेच.

'मिटन्स' हा स्ट्रूअनचा बँड. जगात त्याला ओळखणारे फार नव्हते, पण जे होते ते जीव टाकणारे होते, आणि ऊना त्यांतली सगळ्यात जुनी. शाळेत असताना तिनं त्यांना एका चर्चच्या हॉलमध्ये ऐकलं, तिथं मागं टेबलावर चहा आणि केक ठेवला होता, आणि तेव्हापासून तिची सुटका नव्हती. आता सुटका नव्हती म्हणजे गाणी तिला निमूट पटत होती असं नाही. प्रत्येक गाण्याशी तिचं भांडण होतं.

पहिलं भांडण बसवरून. या माणसाच्या गाण्यातला नायक कायम बस चुकवायचा. 'ग्रंथालय बंद होताना' या गाण्यात चुकवतो, 'तुझ्या आईचा फोन'मध्ये चुकवतो, आणि 'ओली नाडी'मध्ये तर बस समोर उभी, दार उघडं, ड्रायव्हर विचारतोय येणार का, आणि हा वाकून बुटाची नाडी बांधतोय. पंचवीस वर्षं ती प्रत्येक वेळी त्या ठिकाणी म्हणायची, अरे बाबा, चढ की. तो कधी चढला नाही. दुसरं भांडण हातांवरून. इतक्या रेकॉर्डी झाल्या, एकाही गाण्यात कुणी कुणाचा हात धरलेला नाही. एकदा धरला, तोही लोकरीचे हातमोजे घालून. तिसरं ट्रम्पेटवरून, कारण ते बेसूर होतं. ते सुरात असतं तर त्या गाण्यांनी तिला कधी रडवलं नसतं, हेही तिला ठाऊक होतं, आणि त्याचा तिला जास्तच संताप यायचा.

वर आणखी कार्यक्रमांत हा माणूस गाणं सुरू करायचा, अर्ध्यात थांबायचा आणि म्हणायचा, "माफ करा, चुकलं, पुन्हा घेतो." लोक कौतुकानं हसायचे. ऊना हसायची नाही. घरी तर बरोबर गातोस, मग इथं काय होतं तुला, असं तिला पहिल्या रांगेतून ओरडून विचारावंसं वाटायचं.

घरी बरोबर गातो हे तिला माहीत होतं, कारण तिच्या घराचं छत म्हणजे त्याच्या घराची जुनी लाकडी जमीन. आठ वर्षांपूर्वी तो खोकी आणि गिटार घेऊन वर राहायला आला, त्या दिवशी ऊनानं आपली मैत्रीण डेव्हिना हिला फोन केला. डेव्हिना शाळेपासून तिच्याबरोबर 'मिटन्स' ऐकत आलेली.

"कोण आलंय म्हणालीस?"

"सांगितलं ना. बाथरूमचे पडदे घेऊन चढत होता."

"अगं, मग बोललीस काय त्याच्याशी?"

"म्हटलं, आज गारठा आहे."

"आणि तो?"

"म्हणाला, हो ना, गारठा आहे."

"शाबास," डेव्हिना म्हणाली, आणि ती चेष्टा करत नव्हती. ग्लासगोत ही रीतच आहे. कितीही नावाजलेला माणूस समोर आला, तरी आपण त्याला ओळखलं हे चेहऱ्यावर येऊ द्यायचं नाही. त्याला मोठं वाटायला नको आणि आपण लहान दिसायला नको. ओळख दाखवून सही मागणारे ते बाहेरगावचे. ऊनानं ही रीत आठ वर्षं डोळ्यांत तेल घालून पाळली. जिन्यात तो दिसला की ती 'मिटन्स'चा बिल्ला कोटाच्या आत वळवायची. स्वतःच्या घरात त्यांची रेकॉर्ड लावायची तर हेडफोन घालून लावायची. इंटरनेटवर त्यांचे चाहते 'अ‍ॅग्नेस, आत ये' या गाण्यातली अ‍ॅग्नेस कोण यावर वर्षानुवर्षं भांडत होते. कुणी म्हणे त्याचं पहिलं प्रेम, कुणी म्हणे कवयित्री होती, बुडून मेली. अ‍ॅग्नेस हे मिसेस टॉरन्सच्या मांजरीचं नाव होतं आणि स्ट्रूअन रोज सकाळी तिला याच सुरात हाक मारायचा. ऊनानं तोंडातून ब्र काढला नाही.

मोबदल्यात तिला छत मिळालं होतं. नवीन गाणं जन्माला यायचं ते जगात सगळ्यात आधी तिच्या स्वयंपाकघरात. भांडी घासता घासता ती ऐकायची. कुठला शब्द बदलला, कुठला सूर चढवला, कुठं उगाच वाट लावली, सगळं तिला पाठ.

गेल्या शरद ऋतूत स्ट्रूअनची आई गेली. मिसेस टॉरन्सनी ते ऊनाला खालच्या दारात सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो जिन्यात भेटला, अंगात काळा कोट, हजामत करताना हनुवटी कापलेली. ऊनाच्या जिभेच्या टोकावर काय काय आलं होतं. पण दोघांच्या बोलण्याची वाट ठरलेली होती, आणि ती म्हणाली, "आज गारठा आहे." तो म्हणाला, "हो ना, गारठा आहे."

नाताळच्या सुमाराला वरून एक नवीन गाणं यायला लागलं. ऊना हातातलं भांडं तसंच धरून उभी राहिली.

तुझ्या कोटाच्या खिशात
पेपरमिंटची गोळी निघाली.
मी ती खाल्ली नाही, मी ती टाकली नाही,
तुझा कोट घालून दूध आणायला गेलो.

या गाण्यात बस नव्हती. हातमोजे नव्हते. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिला त्याच्याशी भांडायला काही सापडलं नाही, आणि तिनं वळून दाराकडे पाहिलं. कारण तिच्या स्वतःच्या दारामागं खुंटीला तिच्या आईचा निळा कोट तीन वर्षं तसाच लटकत होता. द्यायचा म्हटलं तर देववत नव्हता, घालायचा म्हटलं तर घालवत नव्हता. मग दुसरं कडवं आलं.

जिन्यात शेजारीण म्हणाली, आज गारठा आहे.
मी म्हटलं, हो ना, गारठा आहे.

ऊनानं नळ बंद केला. पंचवीस वर्षं ज्याच्या गाण्यांत राहिलो त्याच्या गाण्यात शेवटी आपण आलो, आणि आलो ते काय म्हणायला, तर हे.

तिसरं कडवं 'आणि मग मी' असं सुरू व्हायचं आणि तिथंच थांबायचं. रोज. आणि मग मी, की शांतता. आणि मग मी, की खुर्ची सरकल्याचा आवाज. मग तुम्ही काय, ऊना छताला विचारायची. काय केलंत त्या कोटाचं? दिलात, जाळलात, घालताय अजून? ते तिला खरोखरच कळायला हवं होतं. खुंटीवरच्या कोटाचं काय करायचं हे तिला जगात दुसरं कुणी सांगणार नव्हतं, आणि ज्याला कदाचित ठाऊक असेल तो अर्ध्या ओळीवर घोडं अडवून बसला होता.

फेब्रुवारीत त्यानं ते गाणं सोडून दिलं. एक आठवडा गेला, दुसरा गेला. मग वरून सायकलीवरचं एक फुसकं आनंदी गाणं यायला लागलं, ट्रिंग ट्रिंग वगैरे. ते ऐकून ऊनाचं टाळकं सटकलं. रीत गेली उडत, आता बोलायचंच, असं तिनं ठरवलं.

शनिवारी सकाळी तिनं त्याला जिन्यात गाठलं. वाक्य आठवडाभर घोकून ठेवलं होतं.

"स्ट्रूअन, मला एक सांगायचं होतं. तुमचं गाणं खाली माझ्याकडे सगळं ऐकू येतं."

त्याचा चेहरा पांढरा पडला. "अरे देवा. सगळं?"

"हो, शब्द न् शब्द. म्हणजे मला म्हणायचं होतं..."

"नाही नाही, काही बोलू नका. माझंच चुकलं. आठ वर्षं? आणि तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत?"

"अहो, तसं नाही. मला उलट..."

"तुमचा चांगुलपणा आहे हा," तो म्हणाला आणि पायऱ्या चढून पळाला.

ऊनानं कपाळावर हात मारला. चूक तिचीच होती. या शहरात शेजाऱ्यानं "तुमचं ऐकू येतं" म्हटलं की त्याचा अर्थ एकच, गप्प बसा. कौतुक करायला म्हणून कुणी कधी हे वाक्य वापरलंच नव्हतं, तर त्या बिचाऱ्याला कळणार कसं?

संध्याकाळी तिच्या दाराशी चॉकलेटच्या मऊ टीकेकचा डबा आणून ठेवलेला होता. सोमवारी दोन माणसं कारपेटची भली मोठी गुंडाळी खांद्यावर घेऊन वर गेली. खाली घालायला जाड रबर वेगळं. दिवसभर ठोकाठोक झाली आणि त्यानंतर छत मुकं झालं. त्याच्या पावलांचासुद्धा आवाज येईना.

"बरं केलंस हो पोरी," मिसेस टॉरन्स म्हणाल्या. "कुणीतरी त्या पोराला बोलायला हवंच होतं. मी म्हातारी, माझं कोण ऐकतं?"

"मी काही तक्रार केली नव्हती, मिसेस टॉरन्स."

"मी कुठं म्हणतेय तक्रार केलीस? ऐकू येतं एवढंच म्हणालीस. शहाण्यासारखं वागलीस."

ऊना दात-ओठ खात वर आली आणि उभ्या उभ्या दोन टीकेक खाल्ले.

पुढच्या शनिवारी डेव्हिनानं तिला नेहमीच्या चहाच्या दुकानात बोलावलं. स्कोनच्या गोड पावाला हात लावायच्या आधीच तिनं फोन पुढं सरकवला. "वाच. रेडिओवर त्याची मुलाखत झाली काल."

मुलाखतीत स्ट्रूअन म्हणाला होता, की नवीन रेकॉर्ड आता होईलसं वाटत नाही. मी घरीच गाणी करतो आणि खालच्या बाईंना त्याचा त्रास होतो. फार सज्जन बाई आहेत, आठ वर्षं त्यांनी सोसलं. तसंही बरेच दिवस काही जमत नव्हतं, तेव्हा ठीकच आहे.

"आता खालचं वाच," डेव्हिना म्हणाली.

खाली चाहत्यांनी त्या बाईंचा उद्धार केला होता. स्वीडनमधल्या एकानं तिला कानच नसावेत अशी शंका काढली होती. जपानमधली एक मुलगी रडत होती. लीड्सच्या कुणीतरी लिहिलं होतं, त्या बाईचा नळ जन्मभर गळत राहो.

"हा लीड्सवाला मला ओळखतो," ऊना म्हणाली. "गेल्या वर्षी कार्यक्रमाबाहेर त्याला मी माझी छत्री दिली होती."

"तू त्याला नक्की म्हणालीस तरी काय?"

"म्हटलं, ऐकू येतं."

"अगं बाई." डेव्हिनानं चमचा खाली ठेवला. "ऐकू येतं म्हणालीस? मग तो काय समजणार?"

"मग काय म्हणायला हवं होतं?"

"आवडतं म्हणायचं."

"तोंडावर?" ऊना म्हणाली. "तू म्हणशील?"

डेव्हिनानं विचार करून पाहिला. "नाही," ती म्हणाली, "मला नाही जमायचं," आणि स्कोनवर लोणी लावायला लागली.

ऊना घरी आली तर पाळीचं कार्ड स्ट्रूअनच्या दाराला लटकत होतं आणि जिना तसाच घाण. आठवडा संपत आला होता. तिनं आपली बादली भरली, ब्रश घेतला, थेट सगळ्यात वरच्या पायरीपर्यंत गेली आणि घासायला लागली. राग असा होता की दगड झिजावा. याला बस पकडता येत नाही, याला कडवं संपवता येत नाही, याला जिना धुता येत नाही, आणि शिव्या कुणाला, तर मला. घासता घासता तिच्या तोंडात ते गाणं कधी आलं ते तिला कळलंच नाही. जिन्याच्या भिंतींना कमरेपर्यंत हिरव्या फरश्या होत्या आणि त्यात साधं शिंकलं तरी घुमायचं. ऊनाचा आवाज मुळात चांगला नाही. पेपरमिंटची गोळी तळमजल्यापर्यंत ऐकू गेली.

"तो सूर तिथं खाली येतो," मागून कुणीतरी म्हणालं.

स्ट्रूअन दार उघडून उभा होता. पायांत मोजे, हातात चहाचा कप. मग आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. हे गाणं त्यानं आजवर कुणालाही ऐकवलं नव्हतं, आणि त्रास होणाऱ्या बाईंना ते पाठ असेल असं त्याला वाटलंच नव्हतं.

ऊनाला पळून जाता आलं असतं. पण गुडघे ओले होते, हातात ब्रश होता, आणि सूर खाली येतो हे तिला मुळीच मान्य नव्हतं.

"खाली तुम्ही जानेवारीत आणलात," ती म्हणाली. "आधी तो वरच राहायचा. तेच चांगलं होतं. बदललंत आणि वाट लावलीत."

"तुम्हाला आठवतंय?"

"आठवतंय म्हणजे काय? मला सगळंच आठवतंय. 'ओली नाडी'चं रेकॉर्डमध्ये गाळलेलं मधलं कडवं तुम्ही गेल्या महिन्यात वर गात होतात, तेही. मी पंचवीस वर्षं पहिल्या रांगेत उभी असते, स्ट्रूअन. तुम्ही थांबून माफी मागता ना, तेव्हा न हसणारी ती मी."

"ती तुम्ही?" तो म्हणाला. "दिव्यांत चेहरा नीट दिसत नाही. मला वाटायचं, त्या बाईंना गाणी आवडत नाहीत. कुणाची तरी सोबत म्हणून येत असतील."

"मला ती आवडतात," ऊना म्हणाली. शब्द तोंडातून गेला आणि जिन्यात घुमला. खाली मिसेस टॉरन्सचं दार करकरत उघडलं. "फार आवडतात. आणि तुम्ही ते कारपेट घातलंत, तेव्हा मला गळा काढून रडावंसं वाटलं. आता हसू नका."

तो हसत नव्हता. तो खाली बसला, नेमका ओल्या पायरीवर, आणि त्याच्या ते लक्षातही आलं नाही. "ते गाणं माझ्याकडे नाही आता," तो म्हणाला. "लिहिलेलं फाडून टाकलं. चालही नीट आठवत नव्हती, आत्ता तुम्ही म्हटलीत तेव्हा आठवली. पुन्हा म्हणाल?"

"मी?"

"दुसऱ्या कुणाला येतच नाही."

हे म्हणजे फारच झालं. ज्याच्यासाठी पंचवीस वर्षं तिकिटं काढली त्यालाच आता आपण गाऊन दाखवायचं, आणि तेही हातात ब्रश घेऊन. पण गाणं खरोखरच तिच्याखेरीज कुठं उरलं नव्हतं. ऊनानं घसा साफ केला आणि भिंतीकडे तोंड करून गायला लागली. सूर जिथं वर राहायला हवा तिथं तिनं तो ओढून वर धरला. मग दुसरं कडवं आलं. जिन्यात शेजारीण म्हणाली, आज गारठा आहे. इथं तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही आणि तिनं माफीही मागितली नाही.

"आणि मग मी," असं म्हणून ती गप्प बसली.

"पुढं?" स्ट्रूअननं विचारलं. त्याचे डोळे ओले झाले होते.

"पुढं तुम्ही लिहिलंच नाहीत," ऊना म्हणाली. "मी नाताळपासून वाट बघतेय. माझ्या आईचा कोट तीन वर्षं दारामागं आहे. निळा. मला कळायला हवंय, की मग काय करायचं असतं."

त्यानं मागं वळून आपल्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "मला माहीत नाही. माझाही अजून खुंटीलाच आहे. म्हणूनच पुढं जाईना."

"हे आधी सांगायचं," ती म्हणाली. "उगाच दोघांनी गारठा गारठा लावलाय."

खालून मिसेस टॉरन्स जोरात खाकरल्या. स्ट्रूअन उठला, कप आत ठेवून आला आणि त्यानं ऊनाच्या हातातून ब्रश घेतला. मग ओल्या मोज्यांनिशीच बादली उचलून तो थेट तळाशी निघाला.

"वरून," ऊना म्हणाली. "वरून खाली धुतात, स्ट्रूअन."

तो थांबला, वळला आणि वर आला. गुडघे टेकून पहिल्या पायरीला लागला आणि गुणगुणायला लागला. सूर त्यानं वरच ठेवला. ऊना आपल्या घरात गेली, पण दार तिनं लावलं नाही. दारामागच्या निळ्या कोटाशेजारी उभी राहून ती ऐकत राहिली. 'आणि मग मी'पाशी येऊन तो थांबला, ब्रश पाण्यात बुडवला, पुन्हा सुरुवातीपासून गायला लागला, आणि एकेक पायरी करत तिच्या दाराकडे येत राहिला.